शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची सक्ती

शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची सक्ती हा सार्वजनिक धोरणातील एक वादविषय आहे. शासनाने आपली कार्यालये, शाळा आणि नागरिकांसाठीच्या संगणकीय सेवा यांत केवळ मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच वापरावे असे कायद्याने ठरवावे, की मुक्त आणि मालकी हक्काचे असे दोन्ही पर्याय खुले ठेवून प्रत्येक खरेदी गुणवत्तेनुसार करावी, असा हा प्रश्न आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून लॅटिन अमेरिका, युरोप आणि भारतात यावर कायदे, न्यायालयीन निर्णय आणि धोरणे झाली आहेत.

वाद वरवर पाहता खर्चाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी नियंत्रणाचा प्रश्न आहे. जमिनीच्या नोंदी, न्यायनिवाडे, कराची विवरणपत्रे, जन्म-मृत्यूचे दाखले हे सर्व संगणकीय स्वरूपात साठवले जात असताना ते वाचणारी व त्यांवर प्रक्रिया करणारी आज्ञावली कोणाच्या ताब्यात असावी, ती तपासण्याचा अधिकार कोणाला असावा आणि पुरवठादार बदलल्यास त्या नोंदी तशाच वाचता येतील का, हे प्रश्न त्यातून उपस्थित होतात.

## संज्ञा

संगणकाची आज्ञावली मानवाला वाचता येईल अशा भाषेत प्रथम लिहिली जाते. तिला स्रोतसंहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. तिचे यंत्राला समजणाऱ्या रूपात भाषांतर केल्यावर ती चालते, पण त्या रूपावरून मूळ रचना समजणे अतिशय कठीण असते. *मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरमध्ये* स्रोतसंहिता सहसा गोपनीय ठेवली जाते आणि ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो. *मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये* स्रोतसंहिता उपलब्ध असते आणि ती वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व मूळ अथवा सुधारित रूपात वाटण्याची परवानगी परवान्यानेच दिलेली असते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या परवानग्यांकडे वापरकर्त्याचे स्वातंत्र्य म्हणून पाहिले. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली आणि तिने विकासाच्या पद्धतीच्या व्यावहारिक फायद्यांवर भर दिला. इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दाचे ‘स्वतंत्र’ आणि ‘विनामूल्य’ असे दोन्ही अर्थ होत असल्याने तेथे बराच गोंधळ झाला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द वेगळे असल्याने हा भेद सहज स्पष्ट होतो: मुक्त सॉफ्टवेअर विकता येते, आणि मोफत मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त असतेच असे नाही.

*मुक्त मानके* ही आणखी वेगळी संकल्पना आहे. दस्तऐवज कोणत्या स्वरूपात साठवावा याचे जाहीर आणि कोणालाही वापरता येणारे नियम म्हणजे मुक्त मानक. मुक्त मानक पाळणारे सॉफ्टवेअर स्वतः मालकी हक्काचे असू शकते. त्यामुळे मुक्त मानकांची सक्ती ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या सक्तीहून सौम्य मानली जाते.

## धोरणांचे प्रकार

‘सक्ती’ या एकाच शब्दाखाली प्रत्यक्षात निरनिराळ्या कठोरतेची धोरणे येतात.

* संपूर्ण सक्ती – अपवाद वगळता शासकीय संस्थांनी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच वापरावे. व्हेनेझुएलाचा डिसेंबर २००४ मधील आदेश क्रमांक ३३९० आणि इक्वेडोरचा एप्रिल २००८ मधील आदेश क्रमांक १०१४ ही याची उदाहरणे आहेत.
* प्राधान्य – मुक्त पर्यायाला अग्रक्रम द्यावा आणि तो नाकारल्यास कारणे नोंदवावीत. भारताचे २०१५ मधील धोरण या प्रकारात मोडते.
* तुलनेची सक्ती – खरेदीपूर्वी सर्व पर्यायांचे तांत्रिक व आर्थिक मूल्यमापन करावे. इटलीतील डिजिटल प्रशासन संहितेच्या कलम ६८ मध्ये अशी तरतूद आहे.
* मुक्त मानकांची सक्ती – सॉफ्टवेअर कोणतेही असो, दस्तऐवज मुक्त स्वरूपात असावेत. ब्रिटनने जुलै २०१४ मध्ये संपादनयोग्य शासकीय दस्तऐवजांसाठी ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट स्वीकारला.
* प्रकाशनाची सक्ती – शासनाने पैसे देऊन तयार करवून घेतलेल्या सॉफ्टवेअरची स्रोतसंहिता प्रसिद्ध करावी. बल्गेरियाने २०१६ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती केली. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने त्रयस्थांचे हक्क किंवा सुरक्षिततेची कारणे आड येत नसतील तर संघीय प्राधिकरणांना हे बंधनकारक केले.

पहिले तीन प्रकार शासन काय *विकत घेते* यासंबंधी आहेत, तर शेवटचा शासन काय *तयार करवून घेते* यासंबंधी आहे. तयार माल बाजारात अनेकांना विकला जातो. मागणीनुसार बनवलेल्या सॉफ्टवेअरचा संपूर्ण खर्च मात्र करदात्याने उचललेला असतो. त्यामुळे प्रकाशनाच्या सक्तीला तुलनेने कमी विरोध होतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने २०१७ मध्ये सुरू केलेली ‘सार्वजनिक पैसा, सार्वजनिक संहिता’ या अर्थाची मोहीम याच तत्त्वावर उभी आहे.

## पेरूमधील वाद

या प्रश्नाची सैद्धांतिक मांडणी पेरू देशात झालेल्या पत्रव्यवहारातून विशेष स्पष्ट झाली. तेथील संसदेत शासकीय संस्थांनी मुक्त सॉफ्टवेअरच वापरावे असे विधेयक मांडले गेले. मार्च २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पेरूमधील व्यवस्थापकांनी त्याला लेखी आक्षेप घेतले: विधेयक स्पर्धेला व समानतेला बाधक आहे, स्थानिक उद्योगाचे नुकसान करणारे आहे आणि परवान्याचा खर्च हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असल्याने अपेक्षित बचत होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

विधेयकाचे एक पुरस्कर्ते, संसद सदस्य एडगर विलानुएवा नुन्येज यांनी एप्रिल २००२ मध्ये सविस्तर उत्तर दिले. विधेयकाचा आधार बचत हा नसून तीन मूलभूत हमी आहेत, अशी त्यांची भूमिका होती: सार्वजनिक माहिती नागरिकांना मुक्तपणे मिळणे, सार्वजनिक विदा कायम टिकणे, आणि राज्य व नागरिक यांची सुरक्षितता. कायदा कोणत्याही कंपनीला सॉफ्टवेअर तयार करण्यास वा विकण्यास मनाई करत नाही. राज्य केवळ ग्राहक या नात्याने आपल्या कराराच्या अटी ठरवते, आणि त्या अटी मान्य करण्यास प्रत्येक पुरवठादार मोकळा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हे पत्र जगभर भाषांतरित होऊन वाचले गेले. मूळ विधेयक मात्र त्या रूपात संमत झाले नाही. २००५ मध्ये पेरूने केलेल्या कायद्यात तंत्रज्ञान-निरपेक्षतेचे तत्त्व स्वीकारून खरेदीपूर्वी तांत्रिक मूल्यमापन अहवाल आवश्यक ठरवण्यात आला.

## सक्तीच्या बाजूचे युक्तिवाद

पुरवठादाराशी जखडले जाणे. एखाद्या कार्यालयाचे दस्तऐवज, नमुने आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण एका कंपनीच्या उत्पादनाभोवती रचले गेले की दुसऱ्या पुरवठादाराकडे जाण्याचा खर्च वाढत जातो. पुढील खरेदीच्या वेळी निविदा खुली असली तरी स्पर्धा नाममात्र उरते. स्रोतसंहिता उपलब्ध असल्यास देखभालीचे काम कोणत्याही सक्षम संस्थेला देता येते आणि मूळ पुरवठादाराने उत्पादन बंद केले तरी ते चालू ठेवता येते. एका कार्यालयाने घेतलेला मालकी हक्काचा निर्णय शेजारच्या कार्यालयांनाही तोच घ्यायला लावतो. म्हणून केवळ ऐच्छिक धोरणाने हे चक्र तुटत नाही, असे सक्तीचे समर्थक सांगतात.

पारदर्शकता. कर आकारणी, शिधावाटप किंवा लाभार्थ्यांची निवड आज्ञावलीद्वारे होत असेल तर ती आज्ञावली एका अर्थाने कायद्याचीच अंमलबजावणी करते. कायदा जाहीर असावा लागतो, तशी ही आज्ञावलीही तपासण्यास खुली असावी, असे मानले जाते. भारतात एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आरोग्य सेतू ॲपबद्दल खासगीपणाचे प्रश्न उपस्थित झाल्यानंतर २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची स्रोतसंहिता प्रसिद्ध करण्यात आली.

पुनर्वापर. एका राज्याने बनवलेली जन्म-मृत्यू नोंदणीची किंवा मालमत्ता कराची प्रणाली दुसऱ्या राज्याला वापरता आली तर तेच काम पुन्हा करवून घेण्याचा खर्च वाचतो. बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेला मोसिप हा ओळखप्रणालीचा मुक्त स्रोत मंच याच हेतूने अनेक देशांसाठी उपलब्ध करण्यात आला आहे.

भाषा. मालकी हक्काचे सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत उपलब्ध होईल हे बाजारपेठेवर ठरते. मुक्त सॉफ्टवेअरचे स्थानिकीकरण त्या भाषेचे भाषक स्वतः करू शकतात. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांची मराठी आवृत्ती अशा प्रयत्नांतून घडली आहे.

डिजिटल सार्वभौमत्व. विदेशी कंपनीवर अवलंबून असलेली सेवा व्यापारी निर्बंध किंवा त्या देशाच्या कायद्यामुळे बाधित होऊ शकते. अमेरिकेच्या २०१८ मधील क्लाउड कायद्यानुसार तेथील अधिकारक्षेत्रातील कंपन्यांना परदेशी साठवलेली विदाही कायदेशीर आदेशानंतर सादर करावी लागू शकते. त्यानंतर युरोपात या युक्तिवादाला अधिक वजन आले.

## विरोधातील युक्तिवाद

गुणवत्तेऐवजी परवान्यावर निवड. शासनाचे पहिले कर्तव्य नागरिकाला चांगली सेवा देणे हे आहे. एखाद्या कामासाठी उत्तम साधन मालकी हक्काचे असेल तर केवळ परवान्याच्या प्रकारावरून ते नाकारणे नागरिकाच्या हिताचे नाही, असे विरोधक म्हणतात. अभियांत्रिकी आराखडे, वैद्यकीय उपकरणे, दृष्टिहीनांसाठीची साधने अशा क्षेत्रांत समतुल्य मुक्त पर्याय प्रत्येक वेळी उपलब्ध असतोच असे नाही.

एकूण खर्च. परवाना विनामूल्य असला तरी प्रशिक्षण, जुन्या दस्तऐवजांचे रूपांतर, विशेष प्रणालींची जुळवणी आणि दीर्घकालीन देखभाल यांना पैसा व मनुष्यबळ लागते. हा खर्च पहिल्या काही वर्षांत एकवटतो, तर बचत पुढे हळूहळू दिसते. शासकीय अर्थसंकल्प वार्षिक असल्याने हा असमतोल राजकीयदृष्ट्या अडचणीचा ठरतो.

तंत्रज्ञान-निरपेक्षता. सार्वजनिक खरेदीत शासनाने कोणत्याही व्यवसाय प्रारूपाची बाजू घेऊ नये, असे हे तत्त्व आहे. समर्थकांचे उत्तर असे की आधीच एका पुरवठादाराभोवती रचलेल्या व्यवस्थेत निरपेक्ष राहणे म्हणजे त्या पुरवठादाराची बाजू घेणे होय.

सक्तीचे कागदी पालन. क्षमता निर्माण न करता काढलेला आदेश अपवादांच्या मंजुरीत विरून जातो. शिवाय कार्यालयीन काम इंटरनेटवरील सेवांकडे सरकल्याने जुन्या पद्धतीच्या सक्तीचा उद्देशही अपुरा पडतो: सेवा मुक्त घटकांवर उभी असली तरी ती चालवणाऱ्या कंपनीकडून विदा बाहेर काढता येत नसेल, तर शासन जखडलेलेच राहते.

## सुरक्षिततेचा प्रश्न

दोन्ही बाजू सुरक्षिततेचा दाखला देतात. गोपनीय संहितेतील दोष हल्लेखोरांना शोधणे अवघड जाते, असे एक मत आहे. प्रणालीची सुरक्षितता तिच्या रचनेच्या गुप्ततेवर अवलंबून नसावी, हे गूढलेखनशास्त्रातील केर्कहॉफ्स यांचे १८८३ मधील तत्त्व याच्या विरुद्ध आहे.

प्रत्यक्ष अनुभव दोन्ही दाव्यांना मर्यादा घालतो. ओपनएसएसएल या मुक्त घटकातील हार्टब्लीड हा दोष २०१४ मध्ये उघडकीस येण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे कोणाच्याही लक्षात आला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या घटकातील गंभीर दोषाने जगभरच्या प्रणाली धोक्यात आल्या. संहिता उघडी असणे म्हणजे ती कोणीतरी तपासली असणे नव्हे, हे यातून दिसले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या घटकात हेतुपुरस्सर पेरलेला चोरदरवाजा मात्र एका अभियंत्याने संगणकाच्या किंचित मंद वागण्यावरून शोधला, आणि संहिता उपलब्ध असल्यामुळेच त्याचा माग काढता आला. दुसरीकडे, २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजच्या दोषावर आधारित होता, तर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्यतनांतूनच घुसखोरी झाली होती.

मायक्रोसॉफ्टने २००३ पासून काही शासनांना आपली स्रोतसंहिता पाहू देण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणीची संधी मिळते, परंतु बदल करण्याचा किंवा तपासलेली संहिता स्वतः वितरित करण्याचा अधिकार मिळत नाही. मुक्त घटकांच्या देखभालीसाठी सार्वजनिक पैसा देण्याचा मार्ग जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड स्थापन करून अवलंबला.

## न्यायालयीन निर्णय

मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणे हा स्पर्धेचा भंग आहे का, या प्रश्नावर किमान दोन देशांच्या वरिष्ठ न्यायालयांनी निर्णय दिले आहेत. इटलीतील पिएमाँते प्रांताने २००९ मध्ये असा कायदा केल्यावर केंद्र सरकारने त्यास आव्हान दिले. २०१० मधील निर्णय क्रमांक १२२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने म्हटले की, मुक्त सॉफ्टवेअर हे विशिष्ट तंत्रज्ञान, छाप किंवा उत्पादन नसून ते परवान्याचे कायदेशीर वैशिष्ट्य आहे. म्हणून त्याला दिलेल्या प्राधान्याने स्पर्धेचा भंग होत नाही.

ब्राझीलमधील रिओ ग्रांदे दो सुल राज्याच्या २००२ मधील कायद्याला तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तात्पुरती स्थगिती दिली होती. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा घटनेशी सुसंगत ठरवला.

## प्रमुख उदाहरणे

### म्युनिक

जर्मनीतील म्युनिक शहराचा लिमक्स प्रकल्प हे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. विंडोज एनटी ४ या प्रणालीचे तांत्रिक साहाय्य संपत असल्याने महापालिकेपुढे नवीन आवृत्ती घेण्याचा किंवा पर्याय शोधण्याचा प्रश्न होता. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी स्वतः महापौर ख्रिस्तियान उडे यांची भेट घेतली. तरीही मे २००३ मध्ये नगर परिषदेने सुमारे १४,००० संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. प्रत्यक्ष संक्रमण २००६ मध्ये सुरू झाले आणि प्रकल्प २०१३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पत्रांचे नमुने हाताळण्यासाठी शहराने वोलमक्स नावाचे साधन विकसित करून तेही मुक्त केले. प्रकल्पातून एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा शहराचा दावा होता.

२०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाल्यानंतर धोरण बदलले. बाहेरच्या कार्यालयांशी दस्तऐवजांची देवाणघेवाण आणि केवळ विंडोजवर चालणाऱ्या खास प्रणाली या तक्रारी पुढे आल्या. सल्लागारांच्या २०१६ मधील अहवालात अनेक अडचणींचे मूळ लिनक्समध्ये नसून विखुरलेल्या संगणक विभागांच्या रचनेत असल्याचेही नमूद होते. २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. २०२० च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या आघाडीने शक्य तेथे मुक्त पर्यायांना प्राधान्य देण्याचे पुन्हा ठरवले. लिनक्सवर हजारो कर्मचाऱ्यांचे शासकीय काम चालू शकते आणि राजकीय पाठबळ गेल्यास ते मागेही घेतले जाऊ शकते, हे दोन्ही निष्कर्ष या एकाच प्रकल्पातून काढले जातात.

### फ्रान्समधील जाँदार्मरी

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने संक्रमण टप्प्याटप्प्याने केले. २००५ च्या सुमारास विंडोज कायम ठेवून ओपनऑफिस वापरात आणण्यात आले. त्यानंतर फायरफॉक्स व थंडरबर्ड आले. कर्मचाऱ्यांना ही साधने सवयीची झाल्यावर २००८ पासून उबुंटूवर आधारित प्रणाली बसवण्यास सुरुवात झाली. पुढे ७० हजारांहून अधिक संगणकांवर ती पोहोचली. एकच आज्ञाशृंखला असलेली संस्था, क्रमाने झालेला बदल आणि इंटरनेटच्या न्याहाळकावर चालणाऱ्या अंतर्गत प्रणाली ही या यशाची कारणे मानली जातात.

### मॅसॅच्युसेट्स

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सप्टेंबर २००५ मध्ये शासकीय दस्तऐवजांसाठी ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट अनिवार्य केला. त्यावेळी हे स्वरूप हाताळणाऱ्या साधनांत दृष्टिहीन कर्मचाऱ्यांसाठी पुरेशा सोयी नसल्याचा आक्षेप अपंगांच्या संघटनांनी घेतला. २००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टने विकसित केलेल्या ऑफिस ओपन एक्सएमएल या स्वरूपालाही मान्यता दिली. भारतीय मानक ब्यूरोने मात्र त्याच वर्षी या स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक करण्याच्या विरोधात मत नोंदवले होते. २००८ मध्ये ते मानक म्हणून संमत झाले.

## भारत

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण आले. त्यानुसार नव्या ई-प्रशासन प्रणालींच्या निविदांत मुक्त स्रोत पर्यायाचा विचार करण्याची अट घालणे बंधनकारक आहे आणि तो वगळल्यास पुरवठादाराने त्याचे समर्थन द्यावे लागते. तातडीची गरज किंवा तज्ज्ञांचा अभाव अशा कारणांसाठी अपवादाची मुभा आहे. त्याच वर्षी शासकीय प्रणालींची स्रोतसंहिता खुली करून सहकार्याने विकास करण्याचे वेगळे धोरणही जाहीर झाले. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली.

न्यायव्यवस्थेत मुक्त सॉफ्टवेअरचा वापर व्यापक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने न्यायाधीशांच्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित प्रणाली स्वीकारली. जिल्हा व तालुका न्यायालयांतील खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील पथकाने मुक्त साधनांवर विकसित केली.

### केरळ

शालेय शिक्षणातील सर्वांत मोठे उदाहरण केरळचे आहे. तेथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. आरंभीचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या उत्पादनांवर बेतलेला असल्याबद्दल शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने लिनक्स आणले गेले आणि २००८ च्या सुमारास माध्यमिक शाळांतील माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण पूर्णतः मुक्त सॉफ्टवेअरवर आले. विद्यार्थी जिंप व इंकस्केपसारखी साधने शिकतात आणि प्रात्यक्षिक परीक्षाही याच प्रणालीवर देतात. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केल्यामुळे बाहेरच्या तंत्रज्ञांवरील अवलंबन कमी झाले.

प्रकल्पाची उत्तराधिकारी संस्था असलेल्या काईटने २०१९ मध्ये सुमारे ३,००० कोटी रुपयांची बचत होत असल्याचे सांगितले. दोन लाख संगणकांपैकी प्रत्येकासाठी दीड लाख रुपयांचे परवाने लागले असते, असे त्यामागे गृहीत होते. कंपन्या शाळांना मोठी सवलत देत असल्याने असे आकडे सावधपणे वाचावे लागतात. शैक्षणिक लाभ मात्र वेगळा आहे: शाळेत शिकलेले सॉफ्टवेअर विद्यार्थी घरी कायदेशीररीत्या विनामूल्य बसवू शकतात.

### महाराष्ट्र आणि मराठी

मराठी दस्तऐवजांच्या संदर्भात जखडले जाण्याचा अनुभव टंकांच्या रूपाने आला. युनिकोड रूढ होण्यापूर्वी देवनागरी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत लिहिला जाई आणि प्रत्येक टंकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी असे. एका टंकातील पत्र तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे; त्यात शोध घेणे किंवा त्याची अकारविल्हे मांडणी करणे शक्य नसे. अशा मजकुराचे आजही रूपांतर करावे लागते. युनिकोड या मुक्त मानकाने हा प्रश्न नव्या मजकुरापुरता सोडवला. त्यासाठी कोणत्याही कंपनीचे सॉफ्टवेअर बंद करावे लागले नाही. म्हणून सॉफ्टवेअरपेक्षा मानकांची सक्ती अधिक आवश्यक आहे, या मताला येथे आधार मिळतो.

मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा फॉसी प्रकल्प उच्च शिक्षणात मुक्त साधनांचा प्रसार करतो. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात अनेक मुक्त सॉफ्टवेअरांचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

## अनुभवातून दिसणारे घटक

निरनिराळ्या देशांच्या अनुभवांतून काही गोष्टी वारंवार समोर येतात. दस्तऐवजांची स्वरूपे आधी बदलणे आणि संचालन प्रणाली शेवटी बदलणे हा क्रम कमी त्रासाचा ठरतो. वाचलेल्या परवाना शुल्कातील काही भाग प्रशिक्षण व देखभालीवर खर्च न केल्यास वापरकर्त्यांची नाराजी वाढते. दोष दुरुस्त करणारे स्थानिक मनुष्यबळ नसेल तर स्रोतसंहिता हाती असूनही शासन नव्या पुरवठादारावर तितकेच अवलंबून राहते. आणि एका प्रशासनाचा निर्णय पुढच्या प्रशासनाने उलटवू नये यासाठी तो केवळ नेत्याच्या इच्छेवर नव्हे तर कायदा, अंदाजपत्रक आणि संस्थात्मक रचनेवर आधारलेला असावा लागतो.

## सद्यस्थिती

२०२० नंतर वादाचा भर खर्चावरून सार्वभौमत्वाकडे सरकला आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा व पुढे लिनक्सकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. जून २०२५ मध्ये डेन्मार्कच्या डिजिटल व्यवहार मंत्रालयानेही लिब्रेऑफिसकडे वळण्याचे जाहीर केले. अमेरिकेने २०१६ च्या धोरणात संघीय संस्थांनी बनवून घेतलेल्या नव्या संहितेपैकी किमान २० टक्के संहिता प्रायोगिक तत्त्वावर मुक्त करण्यास सांगितले होते. डिसेंबर २०२४ मधील कायद्याने अशी संहिता संस्थांनी परस्परांना उपलब्ध करून देणे आवश्यक केले.

संपूर्ण सक्तीचे कायदे आजही मोजकेच आहेत. मुक्त मानके अनिवार्य करणे, शासनाने बनवून घेतलेली संहिता प्रसिद्ध करणे आणि तयार सॉफ्टवेअरच्या खरेदीत मुक्त पर्याय नाकारण्याची कारणे नोंदवणे, अशा मिश्र धोरणांकडे अनेक देशांचा कल दिसतो.

## हे सुद्धा पहा

* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
* मुक्त मानके
* ग्नू सार्वजनिक परवाना
* लिनक्स
* युनिकोड
* ई-प्रशासन